तीनदा रस्ता ओलांडणारा

लंडन, १४ ऑक्टोबर १९५२

पट्ट्यापट्ट्यांचा मफलर घालणाऱ्या गृहस्थांस,
द्वारा मिसेस टूगुड यांचं तंबाखूचं दुकान, डेप्टफर्ड

आपली ओळख नाही असं धरून चालते. ओळख निघालीच तर पुढचं पुढे बघू.

मी एड्ना स्टॉर. टेम्सच्या काठी एका बंद पडलेल्या बोटींच्या कारखान्यात आमची फिल्म कंपनी आहे. तिथे संकलनाच्या खोलीत बसून मी दिवसभर कात्रीने फिल्म कापते आणि डिंकाने जोडते. आम्ही मोठे चित्रपट काढत नाही. लोक ज्या मोठ्या चित्रपटासाठी तिकीट काढतात त्याच्या आधी एक तासाभराचा लहान चित्रपट दाखवतात ना, ज्याच्या दरम्यान माणसं कोट काढतात, जागा बदलतात, एकमेकांच्या पायावर पाय देतात, तो आमचा. सध्याच्या चित्रपटाचं नाव ‘किटली गेली कुठे?’ तीन बावळट चोर एका लॉर्डच्या घरातून चांदीची किटली पळवतात आणि ती त्यांच्याकडून काही केल्या विकली जात नाही, एवढीच गोष्ट.

चोर मोटारीतून पळतात. खरी मोटार रस्त्यावर पळवायची तर पेट्रोल आलं, पोलिसांची परवानगी आली, बघ्यांची गर्दी आली. म्हणून आमच्याकडे नाक कापलेली अर्धी मोटार आहे. नट तीत बसतात, दोन सुतार खालून फळी घालून ती हलवतात आणि मागे पडद्यावर रस्ता दाखवतात. तो रस्ता आधीच एका व्हॅनच्या मागच्या दारातून टिपून आणलेला असतो. मोटारीच्या मागच्या काचेतून तो धावताना दिसला की बघणाऱ्याला वाटतं, मोटार पळतेय.

आमचे निर्माते मिस्टर मॉक्सन. हात इतका आखडता की त्यांनी रस्ता एकदाच टिपून आणला. त्यामुळे आमचे चोर किटली पळवतात तेव्हा, ती लपवायला जातात तेव्हा आणि पोलीस मागे लागतात तेव्हाही त्याच रस्त्याने जातात. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मागे एक माणूस हातात पुडकं घेऊन रस्ता ओलांडतो आणि टूगुडबाईंच्या पाटीखालून दुकानात शिरतो.

तो माणूस म्हणजे आपण.

फिल्म काळी-पांढरी आहे, पण मफलरचं जे टोक वेगळ्या छटेचं दिसतं ते तपकिरी आहे. बाकीचे पट्टे निळे आणि पांढरे. निळी लोकर संपली म्हणून विणणारीने शेवटी बाबांचा जुना स्वेटर उसवून तपकिरी लावली होती. मला ठाऊक आहे, कारण तो स्वेटर उसवताना लोकरीचा गुंडा मी धरला होता.

विल्फ्या, तूच ना रे?

आठ वर्षांत मी तुला किती जागी पाहिलं असेल! बसमध्ये, बाजारात, एकदा तर चर्चच्या वादकांत. दर वेळी जवळ गेलं की भलताच कोणी निघायचा. पण या माणसाला मी हवा तितका वेळ थांबवून बघू शकते, मागे नेऊ शकते, पुन्हा चालवू शकते. चाळीसएक वेळा चालवून पाहिलं. तो डावा खांदा खाली टाकून चालतो. आता मी भलत्याच माणसाला पत्र लिहीत असेन तर त्याने माफ करावं आणि हा कागद पाइप पेटवायला घ्यावा.

हा चित्रपट देशभर फिरणार. आपल्या गावी, व्हिटबीलाही जाईल. युद्धात रजेवर घरी येऊन पलटणीत परत न गेलेल्या माणसावरचं वॉरंट अजून रद्द झालेलं नाही, हे मी तुला सांगायला नको. दर नाताळला हवालदार पेट बाबांकडे येतो, टोपी काढतो आणि विचारतो, “काही कळलं का, मिस्टर स्टॉर?” बाबा म्हणतात, “मला मुलगा नाही.” मग दोघं बसून चहा पितात.

तेव्हा असं कर. तुझा चेहरा पडद्यावर जायला नको असेल तर सोमवारपर्यंत मला एक रिकामं पाकीट पाठव. मी तुकडा कापेन. मॉक्सनसाहेब थयथयाट करतील, मी काहीतरी थाप मारीन. पाकीट नाही आलं तर तू आहेस तिथे राहशील.

आणि एक विचारते. त्या पुडक्यात काय आहे? एवढं सांभाळून, दोन्ही तळव्यांवर, जणू राणीचा मुकुट! कोपऱ्यावरचा कुत्रा त्याच्यावर उडी मारतो आणि तू ते तोंडासमोर उचलतोस. मला या एका गोष्टीने झोप नाही.

एड्ना


३ नोव्हेंबर १९५२

विल्फ,

आता ‘गृहस्थांस’ वगैरे नाही.

माझंच पत्र परत आलं. सोबत टूगुडबाईंची चिठ्ठी: ‘विल्फ नावाचं कोणी इथे येत नाही. पुन्हा लिहू नये.’ बाई मोठ्या हुशार, पण पाकिटावर मी मफलर लिहिला होता, नाव नव्हतं लिहिलं. नाव आत होतं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं आणि माझ्या पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला टोपीवाला कुत्रा होता. शाळेत माझ्या प्रत्येक पुस्तकावर तू जो काढून ठेवायचास आणि मार मी खायचे, तो. शेपूट अजून तशीच वाकडी काढतोस.

मी खोलीत एकटीच होते म्हणून बरं. हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं असावं.

तर पाकीट आलं, पण रिकामं नव्हतं. ठरल्याप्रमाणे मी कात्री खाली ठेवली. त्या कुत्र्याचा अर्थ ‘कापू नकोस’ असा नसेल तर चूक तुझी. धड हो-नाही सांगायची तुला लहानपणापासून अक्कल नाही.

शनिवारी मी दुकानात जाऊन आले. रागावू नकोस. मी काड्यांची पेटी मागितली आणि जरा इकडेतिकडे बघितलं. बाई चांगल्या धिप्पाड, खांद्यावर पोपटासारखा एक निळा पक्षी.

“इथे एक मफलरवाले गृहस्थ येतात ना?” मी विचारलं.

“थंडी पडलीय बाई,” त्या म्हणाल्या, “येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात मफलर असतो.”

“यांच्या हातात पुडकं असतं.”

“पुडकं तर पोस्टमनच्या हातातही असतं. तुम्ही पोलिसातल्या का?”

“छे हो! मी सिनेमातली.”

“मग तर त्याहून वाईट,” बाई म्हणाल्या आणि मोड परत देताना माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं की मला वाटलं, माझं नाक त्यांनी आधी कुठेतरी पाहिलंय. आपलं दोघांचं नाक बाबांचं आहे.

मला बाई आवडल्या. तुझी राखण चांगली करतात. तू तिथे राहतोस की नुसता येतोस? काम काय करतोस? रेशनचं पुस्तक नसताना एवढी वर्षं जेवलास कसा? तुझ्या घरात कुणी आहे का? पुडक्यात काय आहे? बघ, एका पत्रात किती प्रश्न झाले, आणि आईबद्दल तर तू अजून काही विचारलंच नाहीस. ते मी पुढच्या पत्रात लिहीन.

एड्ना


१२ डिसेंबर १९५२

विल्फ,

आधी हे वाच, मग बस, मग पुन्हा वाच. घोटाळा झाला आहे.

काल चित्रपटगृहांच्या मालकांना आमचा चित्रपट दाखवला. पहिली वीस मिनिटं कोणी हसलं नाही. आमचा नट बर्टी ग्लॅडविन तोंड वेडंवाकडं करून दमला. मालक मंडळी खोकत होती. तू पहिल्यांदा रस्ता ओलांडलास, कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्यांदा ओलांडलास तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी “अरेच्चा!” म्हणालं. आणि तिसऱ्यांदा, पोलीस मागे लागलेत, बर्टी ओरडतोय, “चालव, लंडन सोडून निघू!” आणि काचेत पुन्हा तेच दुकान, तोच कुत्रा, तोच तू. सगळं थिएटर हशाने दणाणलं. एक लठ्ठ गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, “हे बाहेर कसले निघतायत, वाणसामान आणायला निघालेत!”

मी अंधारात बसून मॉक्सनसाहेबांकडे बघत होते. वाटलं, आता तुकडा जाणार आणि माझी नोकरीही. पण त्यांचा चेहरा नाताळच्या झाडासारखा उजळला. आज सकाळी सगळ्यांना बोलावलं.

“मी हे मुद्दाम केलं होतं,” साहेब म्हणाले.

 सुतारांपैकी एक छताकडे बघायला लागला.

“आता ऐका. या माणसाची जाहिरात करायची. मोठं भित्तिपत्रक, वर त्याचा फोटो, खाली लिहायचं, ‘या माणसाला पाहिलंत का?’ पुडक्यात काय आहे ते ओळखणाऱ्याला बक्षीस. आणि त्यालाच शोधून आणायचा, बक्षीस त्याच्या हातून!”

विल्फ्या, आठ वर्षं लष्करी पोलिसांना जे सुचलं नाही ते मॉक्सनला एका रात्रीत सुचलं. देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहाच्या दारावर तुझं तोंड, आणि खाली तो प्रश्न! 

मी म्हटलं, “साहेब, सापडला तर तो पैसे मागेल. आपण त्याला न विचारता चित्रपटात घातलाय.”

हे मात्र बरोबर लागलं. साहेबांनी बोटांवर हिशेब मांडला. “मग शोधायचा नाही,” शेवटी म्हणाले. “पण फोटो पाहिजे.”

फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुकडा माझ्याच ताब्यात. कुत्रा उडी मारतो आणि तू पुडकं वर उचलतोस, तिथलं चित्र मी दिलं. भित्तिपत्रकावर मफलर आहे, कोट आहे, आणि डोक्याच्या जागी पुडकं आहे. साहेब म्हणाले, “वा! गूढ!” मी मान डोलावली.

पण पडद्यावर तोंड तसंच आहे, आणि आता लोक ते मुद्दाम बघणार. तेव्हा पुन्हा विचारते. अजून वेळ आहे. म्हणशील तर मी फिल्मवर असा ओरखडा पाडीन की तुझ्या तोंडाच्या जागी पाऊस दिसेल. पकडून नेलं तर तुरुंग आहे, थट्टा नाही. तो मफलर तरी काढून ठेव. नाही, काढू नकोस. बाहेर जाताना आतून घाल.

स्टुडिओत सगळे पैजा लावतायत. बर्टी म्हणतो, पुडक्यात लग्नाचा केक. सुतार म्हणतो, चोरीचं लोणी. मी काहीच म्हणत नाही, कारण मला खरंच सुचत नाही, आणि माझा भाऊ असून मला सुचत नाही याची लाज वाटते.

एड्ना


२६ फेब्रुवारी १९५३

विल्फ,

पेपर वाचलास ना? टूगुडबाईंच्या दुकानात तो विकतात, त्यांनी दाखवलाच असेल. पंतप्रधानांनी पार्लमेंटात सांगितलं: राणीच्या राज्याभिषेकानिमित्त, युद्धात पलटण सोडून गेलेल्यांवर आता खटला नाही. लेखी अर्ज करायचा, की झालं. मी ती बातमी उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्याने वाचायला लावली, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता.

आता कोणी पकडणार नाही. तुझी अडचण एकच उरली, बाबांची, आणि ती व्हिटबीला पुलावर बसलीय.

आता आईचं लिहिते. मी टाळत होते, तुला कळलंच असेल. मी ‘आई विणते’ असं एकदाही लिहिलं नाही, ‘विणणारीने’ लिहिलं. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ, आणि त्या वर्षी कोळसाही मिळेना. तुला कळवायला पत्ता नव्हता. तुझ्याबद्दल तिने एकच गोष्ट विचारली, त्याच्याकडे मफलर असेल का? मी म्हटलं, असेल. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून लिहितेय.

तू का परतला नाहीस ते मी विचारत नाही. चूक, विचारते. मला सगळं जाणून घ्यायचं आहे. इटलीत काय झालं? रजेच्या शेवटच्या सकाळी तू बूट घालून दाराशी अर्धा तास उभा होतास, तेव्हा काय चाललं होतं डोक्यात? मी तुला दोष द्यायला विचारत नाही. तू माझा भाऊ आहेस आणि मला तुझी फार आठवण येते, म्हणून विचारते.

बाबांचं म्हणशील तर मला आशा नाही. ते बोलत नाहीत हे तुला माहीतच आहे. बोटींसाठी उघडणाऱ्या पुलाची चाकं फिरवणं, बोटी सोडणं, घरी येणं. मला महिन्याला एक जोडी किपर पाठवतात, वर्तमानपत्रात गुंडाळून. चिठ्ठी नसते. धुरावलेला मासा आला म्हणजे बाप बरा आहे असं समजायचं. तुझा फोटो त्यांनी भिंतीवरून काढला तो कुठे ठेवला, मला आजवर सापडला नाही. जाळला असेल तर असेल.

तू काही कळवलं नाहीस, म्हणून ओरखडा पाडला नाही; चित्रपट आता उत्तरेत फिरतोय.

एड्ना


२४ मार्च १९५३

विल्फ्या,

आज घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

विनी हार्लंड आठवते? माझ्या वर्गातली, तोतरं बोलणारी. ती आता व्हिटबीच्या चित्रपटगृहात बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवते. काल तिचा ट्रंक कॉल आला. मी म्हटलं, बाबा गेले की काय. ती म्हणाली, “नाही ग, तुझे बाबा सिनेमाला आले होते.”

बाबा! ज्यांनी आईलाही कधी सिनेमाला नेलं नाही!

दारावरचं भित्तिपत्रक त्यांनी पुलावर जाताना पाहिलं असणार. डोकं नसलेला माणूस आणि तपकिरी टोकाचा मफलर. दुपारी पुलावर बदली माणूस बसवला (असं यापूर्वी फक्त आईच्या वेळी झालं होतं) आणि तिकीट काढून आत जाऊन बसले. टोपी मांडीवर. आमचा चित्रपट झाला, मोठा झाला. तिथे एकदा तिकीट काढलं की उठवत नाहीत, म्हणून बसूनच राहिले. आमचा चित्रपट पुन्हा लागला. विनी म्हणते, मोठा चित्रपट लागला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि आमचा लागला की पुढे सरकून बसायचे. शेवटच्या खेळापर्यंत असंच. लोक पुडकं बघून खदखदा हसत होते आणि बाबा त्यांच्यामध्ये ताठ बसलेले. शेवटी राष्ट्रगीत वाजलं तेव्हा उभे राहिले. लोक दाराकडे पळाले, दिवे लागले, वाजणं थांबलं, तरी उभेच.

विनीने जाऊन विचारलं, “आवडला का चित्रपट, मिस्टर स्टॉर?”

“मोटार चालवणाऱ्याला रस्ता माहीत नाही,” बाबा म्हणाले.

मग टोपी घातली. दारापर्यंत गेले, परत आले.

“पोरगं वाळलंय,” म्हणाले.

 विनीला घाईघाईत सुचलं ते असं की, “त्या पुडक्यात काय असेल हो? सगळे विचारतात. बक्षीस आहे.”

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं म्हणते, जणू ती व्हिटबीची नाहीच. “किपर,” ते म्हणाले. “तेल गळू नये म्हणून आडवं धरलंय. कुत्र्याला वास आला. पोराला तसं धरायला मी शिकवलंय.”

विल्फ्या, मी तुला चाळीस वेळा चालवून पाहिलं रे! पुढे, मागे, थांबवून, भिंग लावून. आणि मी व्हिटबीची, त्यांची मुलगी, दर महिन्याला ते पुडकं मीही तसंच आडवं धरून पोस्टातून घरी नेते. मला दिसलं नाही. लंडनमध्ये आठ वर्षं लपलास, नाव बदललं असशील, बोलणं बदललं असशील, आणि कुठून तरी किपर शोधून आणून टूगुडबाईंकडे न्याहारीला नेतोस. बक्षीस बाबांना द्यायला हवं, पण त्यांनी ते घेतलं नसतं आणि मॉक्सनने दिलं नसतं.

आज सकाळी पोस्टाने किपर आले. दोन जोड्या. गेली आठ वर्षं एक जोडी येते. वर्तमानपत्र उलगडलं तर आत, मासे आणि कागद यांच्यामध्ये मेणकागदात नीट बांधलेला तुझा फोटो. पलटणीच्या कपड्यातला, भिंतीवरचा. त्याला धुराचा वास आहे. कुठे ठेवला होता ते आता कळलं. धुरीच्या खोलीत, जिथे ते मासे टांगतात आणि मी कधी शिरत नाही. फोटोच्या मागे बाबांनी लिहिलं आहे. बाबांनी! ‘शनिवार. दुपारची गाडी. ते दुकान दाखव.’

मी त्यांना दुकान दाखवणार आहे. नाही म्हणायची संधी तुला दोनदा दिली, तिसऱ्यांदा देत नाही. टूगुडबाईंना सांग, पाकिटं उघडून चिकटवायची आता गरज नाही आणि शनिवारी चहाचं आधण मोठं ठेवा.

बाबा दुकानात येणार नाहीत, मी त्यांना ओळखते. समोरच्या बाजूला, बसच्या थांब्याशी, टोपी घालून उभे राहतील आणि बस बघत असल्यासारखं करतील. हाक मारणार नाहीत. हात वर करणार नाहीत. त्यांना जेवढं येत होतं तेवढं करून ते व्हिटबीहून आलेले असतील, राहिलेलं तुला करायचं आहे. फार नाही. मफलर बाहेरून घाल, दारातून बाहेर पड आणि रस्ता ओलांड.

अख्ख्या देशाने पाहिलंय, तुला ते येतं.

तुझी,
एड्ना